दोन लिप्या, एक कॉमिक

शाळांमध्ये स्मार्ट टीव्ही आले, प्रोजेक्टर आले. धडा सुरू होण्याआधी शिक्षक मोबाईल जोडतात आणि पडद्यावर कार्टून लागतं. ससा बोलतो, नदी वाहते, मुलं हसतात. तीन मिनिटांत सगळं संपतं. मग तोच धडा पुस्तकातून वाचायला सांगितला की अर्धा वर्ग मान खाली घालतो. चित्रं पाहण्यात ही मुलं कुणापेक्षा कमी नाहीत, त्यांचं अडतं ते वाचण्यात.

मी उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवते, त्यामुळे ही अडचण मला दोन्ही बाजूंनी दिसते. उर्दू माध्यमातल्या मुलाला मराठीची वेलांटी आणि जोडाक्षरं अडवतात. मराठी माध्यमातल्या मुस्लिम मुलाला दादीची जबान कळते, पण तिची लिपी त्याला परकी असते. एकाच मोहल्ल्यातली, कधी एकाच घरातली ही दोन मुलं एकमेकांची पुस्तकं वाचू शकत नाहीत. 2020च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. ते योग्यच झालं. पण सक्तीने विषय वेळापत्रकात येतो, वाचनाची गोडी येत नाही. ती पुस्तकातून येते, आणि मुलाला हातात धरावंसं वाटेल असं पुस्तक या दोन लिप्यांच्या सीमेवर जवळजवळ नाहीच.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. ॲनिमेशनची जी सॉफ्टवेअर आज फुकट मिळतात ती शिक्षकांनी आणि मुलांनी जरूर शिकावीत. मात्र फिल्मच्या मागे न लागता त्यांतून कॉमिक बनवावं, कागदावर छापावं आणि तेच कॉमिक मराठी व उर्दू अशा दोन्ही लिप्यांत काढावं.

सात सेकंद की सोळा पानं?

आधी साधा हिशेब करू. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये सेकंदाला 24 चौकटी सरकतात. काटकसर करून एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी सेकंदाला 12 चित्रं लागतात, म्हणजे एका मिनिटाला 720. आता कॉमिक पाहा. सोळा पानं, दर पानावर पाच चौकटी, एकूण 80 चित्रं. एवढीच 80 चित्रं ॲनिमेशनला दिली तर फिल्म सात सेकंदही चालणार नाही. एका वर्गाला एका सत्रात 80 चित्रं काढणं जमतं. 720 चित्रांच्या वाटेवर मुलं तिसऱ्या दिवशी कंटाळतात आणि उरलेलं काम शिक्षकाच्या गळ्यात पडतं.

मग चित्रकलेची वही सोडून ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर कशाला, असं कुणी विचारेल. कारण कॉमिकमध्ये सर्वांत अवघड काम असतं ते पात्र सारखं ठेवणं. पहिल्या चौकटीतली सलमा चौथ्या चौकटीत वेगळीच मुलगी दिसायला लागते. ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीचं चित्र ट्रेसिंग पेपरखालून दिसावं तसं फिकट दिसत राहतं. याला ऑनियन स्किन म्हणतात. त्याच्यावरून पुढचं चित्र काढलं की नाक, वेणी, दप्तर जागेवर राहतं. पात्राचे हात, पाय, डोकं वेगवेगळ्या थरांवर ठेवता येतात, त्यामुळे उभी सलमा बसवायची असेल तर पुन्हा सगळी काढावी लागत नाही. पार्श्वभूमी एकदा काढली की दहा चौकटींना पुरते.

यासाठी महाग काही घ्यावं लागत नाही. इटलीत तयार झालेलं टूंझ हे सॉफ्टवेअर जपानच्या स्टुडिओ जिब्लीने आपल्या चित्रपटांसाठी वापरलं. मार्च 2016 मध्ये तेच ओपनटूंझ या नावाने सर्वांसाठी मोफत खुलं झालं. कागदावर पेन्सिलीने काढलेली चित्रं स्कॅन करून ती साफ करण्याची, रेषा वेगळी काढून रंग भरण्याची सोय त्यात आहे. म्हणजे मुलांनी वहीतच चित्रं काढावीत, संगणकाचं काम नंतर दोघांतिघांनी मिळून करावं. त्याहून सोपं हवं असेल तर पेन्सिल टूडी आहे. रंगवण्याचं काम जास्त असेल तर क्रिता आहे, त्यातही 2016 पासून ॲनिमेशन करता येतं. शाळेतल्या जुन्या संगणकावर पेन्सिल टूडीपासून सुरुवात करावी.

छापखाना आणि हलतं चित्र यांचं जुनं नातं

ॲनिमेशन आणि छपाई ही दोन वेगळी दुनिया आहेत असं आज वाटतं. महाराष्ट्रात मात्र दोन्ही एकाच माणसाच्या हातून गेली आहेत. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याआधी छपाईच्या धंद्यात होते. आमच्या मुळशीच्या शेजारी, मावळ तालुक्यातल्या मळवलीला राजा रविवर्मांचा शिळाछापखाना होता. त्या छापखान्यासाठी फाळक्यांनी काम केलं आणि पुढे स्वतःचं लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स काढलं. मग त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडीथोडी चित्रित करून पडद्यावर दाखवली आणि काड्यापेटीतल्या काड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. शाईचे हात घेऊनच ते हलत्या चित्राकडे गेले होते.

शिळाछापाचा धागा आपल्या दोन्ही भाषांना जोडतो. 1831 मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग शिळेवर छापलं. पुढे मराठी खिळ्यांच्या छपाईकडे गेली. उर्दू मात्र विसाव्या शतकातही शिळेला आणि कातिबाच्या बोरूला धरून राहिली. नस्तालिक लिपी उतरत्या ओळीत लिहिली जाते, एकच अक्षर शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतं, त्यामुळे ती शिशाच्या खिळ्यांत बसेना. 1981 मध्ये लाहोरच्या ‘जंग’ने नूरी नस्तालिक वापरून संगणकावर अक्षरजुळणी सुरू केली. दिल्लीत 1994 मध्ये इनपेज आलं आणि आपल्याकडच्या उर्दू छपाईचं काम हळूहळू कातिबाकडून डीटीपी ऑपरेटरकडे गेलं.

कातिबाच्या पानावर अक्षर आणि नक्षी एकाच हाताची असे. कॉमिकमध्ये नेमकं हेच असतं. चित्र आणि अक्षर एकाच चौकटीत, एकमेकांना जागा देत राहतात. उर्दूसाठी कॉमिक हा बाहेरून आणलेला प्रकार वाटण्याचं काही कारण नाही.

नकाशा उलटला तर

खरी परीक्षा दोन लिप्यांत एकच कॉमिक काढताना होते. समजा, मुठा नदीवर सोळा पानांचं कॉमिक करायचं आहे. मुळशीतल्या डोंगरात नदी उगम पावते. टेमघरचं धरण लागतं, मग आमचं मुठा खोरं, पुढे खडकवासला, मग पुणे शहर आणि संगमावर मुळेची भेट. मराठीत पान डावीकडून उजवीकडे वाचतात. नकाशावर पश्चिम डावीकडे, पूर्व उजवीकडे. नदीही पूर्वेकडे वाहते. वाचणाऱ्याची नजर आणि नदीचं पाणी एकाच दिशेने जातात.

आता तेच उर्दूत करायचं. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात. पहिली चौकट उजव्या कोपऱ्यात हवी. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं, चित्र आरशासारखं उलटवण्याचं. ते दाबलं की अख्खं पान क्षणात उर्दूच्या दिशेला वळतं. आळसाने हेच केलं जातं आणि इथेच घोटाळा होतो. उलटलेल्या नकाशात पुणे टेमघरच्या पश्चिमेला जातं. एसटीचा दरवाजा उजव्या बाजूला येतो, तिच्यावरची पाटी वाचता येत नाही. जेवायला बसलेला अब्बा डाव्या हाताने घास घेतो. नमाजला उभ्या असलेल्या माणसाचा डावा हात उजव्यावर येतो. मुलांना हे लगेच दिसतं, आणि जे पुस्तक आपल्या घरातली साधी गोष्ट चुकीची दाखवतं त्यावर ती पुन्हा विश्वास ठेवत नाहीत.

जपानी कॉमिकचंही असंच झालं होतं. तीही उजवीकडून डावीकडे वाचतात. अमेरिकेत सुरुवातीला ती उलटवून छापत, त्यामुळे उजव्या हाताने तलवार धरणारे सामुराई डावखुरे होत. पुढे प्रकाशकांनी उलटवणं सोडलं आणि वाचकांनीच उजवीकडून वाचायची सवय करून घेतली.

आपलं काम त्याहून थोडं वेगळं आहे, कारण आपल्याला दोन्ही दिशांचे वाचक हवेत. इथे ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरचे थर कामी येतात. चौकटींचा क्रम उलटवायचा, चौकटीतलं चित्र उलटवायचं नाही. आधी बोलणारं पात्र मराठीत डावीकडे असेल तर उर्दूत त्याचा थर उचलून उजवीकडे ठेवायचा. नकाशा, एसटी, पाट्या यांना हात लावायचा नाही. उर्दू वाचणाऱ्या मुलाला नदी समोरून येताना दिसेल. येऊ दे. दिशा बरोबर असणं जास्त महत्त्वाचं आहे.

अक्षरं तुटू नयेत म्हणून

दुसरी अडचण अक्षरांची. ॲनिमेशनची बरीच सॉफ्टवेअर रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून बनलेली असतात. त्यांच्या मजकुराच्या चौकटीत मराठी टाकलं तर कधी वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, कधी जोडाक्षर पाय मोडून पडतं. उर्दूची अवस्था आणखी वाईट. जोडलेली अक्षरं सुटी होतात आणि शब्द उलट्या क्रमाने उभे राहतात. शहरातल्या एका दुकानात आमच्या मुलांच्या कॉमिकचा उर्दू मजकूर असाच सुटा करून छापून दिला होता. ‘डिझाइनमध्ये असंच येतं,’ असं उत्तर मिळालं. ज्या मुलांनी मोठ्या कष्टाने ती वाक्यं लिहिली होती, त्यांना आपलंच लिहिलेलं वाचता येईना.

यावर उपाय आहे. ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त चित्रं करावीत आणि ती अक्षरांशिवाय बाहेर काढावीत. संवादाचे फुगे आणि अक्षरं इंकस्केप किंवा स्क्रायबसच्या नव्या आवृत्तीत घालावीत. ही दोन्हीही मोफत आहेत. मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. जुन्या इनपेजमधला उर्दू किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर दुसरीकडे नेला की त्याचा कचरा होतो, हे डीटीपी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. फॉन्टचंही आता अडत नाही. नस्तालिकसाठी गुगलचा नोटो नस्तालिक उर्दू मोफत आहे. मुंबईच्या एक टाइपने बनवलेल्या बलू या गोलसर फॉन्टच्या कुटुंबात देवनागरीही आहे आणि बलू भाईजान या नावाने उर्दूही. नाव वाचूनच मुलं खूश होतात.

फुगे काढताना एक लक्षात ठेवावं. मराठी वाक्य आडवं पसरतं. नस्तालिक आडवी जागा कमी घेते, पण उतरत्या ओळीमुळे तिला उभी जागा जास्त लागते. मराठीच्या बसक्या फुग्यात उर्दू कोंबली की वरचे नुक्ते कापले जातात. फुगा आधीच ऐसपैस ठेवला की दोन्हींची सोय होते.

कागदाचा हिशेब

पडद्यावर सुंदर दिसणारं चित्र कागदावर धुरकट का येतं, हे मुलांना गणितातून सांगता येतं. फुल एचडी चित्र 1920 बाय 1080 ठिपक्यांचं असतं. छपाईला इंचाला 300 ठिपके लागतात. म्हणजे ते चित्र कागदावर जेमतेम 16 सेंटिमीटर रुंद आणि 9 सेंटिमीटर उंच होतं. ए-फोर कागद मधोमध दुमडून केलेल्या पुस्तिकेत एक चौकट म्हणून ते चालतं. त्याचं भिंतीवर लावायचं पोस्टर केलं तर रेषा फाटते. पूर्ण ए-फोर पानासाठी 2480 बाय 3508 ठिपके हवेत. हा आकार काम सुरू करतानाच निवडावा, शेवटी ताणून उपयोग नाही. नुसत्या काळ्या रेषेचं काम असेल तर 600 ठिपक्यांनी स्कॅन केलेलं बरं.

रंगाचा मोह आवरावा. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, छापखाना शाईने. पडद्यावरचा झगमगीत हिरवा कागदावर मलूल होतो. पहिलं कॉमिक काळ्या-पांढऱ्यातच करावं. झेरॉक्सवर करडा रंग डागाळतो, म्हणून सावलीसाठी बारीक रेघा माराव्यात.

छापखान्यात सोळा पानांना एक फर्मा म्हणतात. आपला फर्मा चार ए-फोर कागदांत बसतो. पाठपोट छापायचे, दुमडायचे, मधोमध दोन पिना मारायच्या. झेरॉक्सचा दर बाजूला दोन रुपये धरला तर आठ बाजूंचे सोळा रुपये. चाळीस मुलांच्या वर्गाला 640 रुपये. सर्वांत बाहेरच्या कागदावर मराठीत डावीकडे पान 16 आणि उजवीकडे पान 1 येतं. उर्दूत हे बरोबर उलट, कारण उर्दू पुस्तकाची बांधणी उजव्या बाजूला असते. कोरा कागद दुमडून, त्यावर पानांचे आकडे लिहून मुलांनी हे आधी करून पाहावं. भूमितीच्या तासाला याहून चांगला प्रयोग सापडणार नाही.

दिल्लीच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडियाने शरद शर्मा यांच्या पुढाकाराने अनेक वर्षं हेच काम संगणकाशिवायही करून दाखवलं आहे. चार चौकटी, साधा कागद, झेरॉक्स आणि गावातल्या भिंतीवर चिकटवलेलं पोस्टर. चित्रकार नसलेल्या माणसांनी आपल्या गावचे प्रश्न त्यातून मांडले. वीज नसेल त्या दिवशी तो मार्ग मोकळा आहेच.

चित्रं कुणाची, भाषा कुणाची?

आमची पिढी इंद्रजालमधला वेताळ वाचत मोठी झाली. 1967 पासून अमर चित्र कथा आली, तिथे अकबर, शेरशाह, नूरजहाँ भेटले. 1991 पासून ‘सकाळ’मध्ये चिंटू भेटला. बालभारतीचं ‘किशोर’ होतं, उर्दूत दिल्लीचं ‘खिलौना’ होतं. या सगळ्यांचं ऋण आहेच. पण या चित्रांत मुसलमान भेटायचा तो बहुधा बादशहा म्हणून. एसटीत उभा असलेला, रेशनच्या रांगेतला, भातलावणीला चिखलात उतरलेला, शाळेच्या फीसाठी हिशेब करणारा मुसलमान मुलांनी चित्रात फारसा पाहिलेला नाही. मुळशीतल्या मुस्लिम मुलाचं आयुष्य शेजारच्या मुलासारखंच आहे, हे त्या दोघांना ठाऊक आहे. फक्त ते कुठे छापलेलं नाही.

फुग्यात बोलीभाषा चालते, हाही मोठा फायदा. पाठ्यपुस्तकातलं वाक्य प्रमाण असावं लागतं. फुग्यात ‘कायकू’, ‘नक्को’ म्हणणारी दादी शोभते आणि ‘कुटं निगाला?’ विचारणारा मावळातला शेतकरीही. मुलाला आपल्या घरची भाषा कागदावर दिसली की प्रमाण भाषेची भीती कमी होते. हा माझा वर्गातला रोजचा अनुभव आहे.

काही पालकांचा चित्रांनाच आक्षेप असतो. त्यांच्याशी वाद घालू नये, त्यांचं ऐकून घ्यावं. आदरणीय धार्मिक व्यक्तींची चित्रं काढायची नाहीत हे तर ठरलेलंच. पण चेहऱ्याशिवायही गोष्ट सांगता येते. नदी, धरण, पाऊस, छत्री, सायकल, दारातल्या चपला, नुसते हात एवढ्यावर सोळा पानं उभी राहतात. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटलं आणि मुठेचं पाणी पुण्यात शिरलं. ती गोष्ट पाण्यात बुडत जाणाऱ्या जिन्याच्या पायऱ्या मोजत सांगता येईल. अशी अट घातली की मुलं जास्त कल्पक होतात.

वेळ कुठे आहे, हा शिक्षकांचा प्रश्न खरा आहे. अशैक्षणिक कामांनी आधीच कंबर मोडली आहे. म्हणून मी वर्षाला एकच फर्मा म्हणते. दोन शाळांनी मिळून करावा, एक मराठी माध्यमाची, एक उर्दू माध्यमाची. चित्रं दोघांनी मिळून काढायची. मराठी मजकूर उर्दू शाळेतल्या मुलांनी तपासून घ्यायला मराठी शाळेत जायचं, उर्दूसाठी तिकडच्यांनी इकडे यायचं. विषय आपल्याच परिसरातला घ्यावा. आमच्याकडे मुठा नदी आहे, 1921चा मुळशी सत्याग्रह आणि सेनापती बापट आहेत, टेमघरचं धरण आहे. तुमच्याकडे तुमची नदी, तुमचा बाजार असेल.

फिल्म करायची हौस असेल तर नंतर करता येईल, थर तयारच असतील. पण आधी पुस्तिका छापा. मोबाईलवरचं कार्टून घरातला नेटपॅक संपला की थांबतं. पुस्तिका दप्तरात राहते, धाकट्या बहिणीकडे जाते, आजी तिच्यातली चित्रं पाहून नातवाला विचारते की इथे काय लिहिलंय. तेव्हा त्या मुलाला वाचून दाखवावंच लागतं. मराठी शाळेतला मुलगा उर्दूचं पान उघडून ओळखीच्या चित्राखालची अनोळखी अक्षरं लावायला बसेल आणि उर्दू शाळेतली मुलगी तेच मराठीत करेल, एवढ्यासाठी 640 रुपये आणि एक सत्र ही किंमत मला मुळीच जास्त वाटत नाही.